खेळातली खिडकी

ज्या घरात संगणकावर गेम खेळणारं मूल आहे, त्या घरातल्या मोठ्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. पडदाभर युद्ध चाललेलं असतं, नाहीतर एखादी मोटार वळणावर घसरत असते. मध्येच मुलगा दोन बटणं दाबतो. मागचं चित्र जरा अंधारतं आणि त्याच चित्रावर एक चौकोन उघडतो. चौकोनात इंटरनेटचं पान असतं. मुलगा त्यात काहीतरी लिहितो, वाचतो, पुन्हा तीच दोन बटणं दाबतो. चौकोन नाहीसा होतो आणि मोटार पुन्हा धावू लागते.

आज या चौकोनाविषयी बोलायचं आहे. मी कविता लिहिणारा माणूस, पदवी बी.ए.ची. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. पण माझा भाचा पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. त्याच्याकडून हा चौकोन समजून घेतला, मग स्वतः वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की ही एवढीशी खिडकी बसवणं सोपं आहे, पण बसवल्यानंतर ती सांभाळणं फार अवघड. त्या सांभाळण्यात खेळणाऱ्याच्या पैशाचा आणि पासवर्डचाही प्रश्न आहे.

या प्रकाराला ओव्हरले म्हणतात. शाळेत आपण नकाशावर पारदर्शक कागद ठेवून नद्या गिरवायचो. नकाशा खाली तसाच राहायचा, रेघा वरच्या कागदावर उमटायच्या. ओव्हरलेही तसाच, गेमच्या चित्रावर ठेवलेला कागद. स्टीम हे गेम विकणारं आणि चालवणारं अमेरिकन सॉफ्टवेअर. वॉशिंग्टन राज्यातल्या व्हॉल्व्ह कंपनीने ते २००३ मध्ये आणलं. खेळता खेळता शिफ्ट आणि टॅब ही दोन बटणं एकत्र दाबली की स्टीमचा ओव्हरले उघडतो. मित्रांशी गप्पा त्यात होतात, आणि इंटरनेट पाहण्याचा ब्राउझरही त्यातच असतो.

आता कोणी विचारेल, ब्राउझर तर संगणकावर आधीपासून आहेच, मग गेमच्या आत आणखी एक कशाला? याचं उत्तर जुन्या दिवसांत आहे. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायची, तेव्हाचे बहुतेक गेम पूर्ण पडदा स्वतःच्या ताब्यात घेत. बाहेर पडायचं तर आल्ट आणि टॅब दाबून गेम मागे टाकावा लागे. डायरेक्ट थ्री-डी या चित्र काढणाऱ्या व्यवस्थेच्या नवव्या आवृत्तीत अशी अडचण होती की गेम मागे गेला, की चित्रफलकावरचा त्याचा ताबा सुटायचा. परत आल्यावर त्याला आपली बरीचशी चित्रं नव्याने मांडावी लागत. ज्या गेमच्या कर्त्यांनी ही तयारी नीट केलेली नसे, तो गेम तिथेच कोसळायचा. भाचा म्हणाला, "मामू, बाहेर गेलो तर परत घरात घेतील की नाही, याचीच खात्री नसायची." त्यामुळे कोडं सुटेना तर पोरं शेजारच्याला विचारत, कागदावर टिपून आणत, नाहीतर अडूनच बसत.

गेममध्ये बसल्या बसल्या बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायची हौस मात्र जुनी आहे. २००५ मध्ये एव्हरक्वेस्ट टू या गेममध्ये खेळाडूने 'पिझ्झा' अशी आज्ञा लिहिली की पिझ्झा हटचं पान उघडत असे. राक्षस मारता मारता जेवण मागवायचं! ते पान उघडे बाहेरच्या ब्राउझरमध्ये, पण कल्पना तीच होती. एक्सफायर नावाचं सॉफ्टवेअर त्याच काळात गेम न सोडता गप्पा मारू देई. ते २०१५ मध्ये बंद पडलं. स्टीमने २००७ मध्ये आपली मित्रमंडळींची सोय ओव्हरलेतून दिली.

आता हा कागद नकाशावर ठेवतात कसा, ते पाहू. हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटला.

गेम म्हणजे सिनेमासारखी एकामागून एक चित्रं. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर एका चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक चित्र आधी पडद्यामागे पूर्ण तयार होतं, आणि मग गेम व्यवस्थेला सांगतो, "झालं, दाखव." डायरेक्ट थ्री-डीमध्ये या हुकमाचं नावच 'प्रेझेंट' आहे. ओव्हरले नेमका इथे उभा राहतो. त्याचा एक छोटा भाग गेम सुरू होतानाच गेमच्या पोटात शिरलेला असतो. गेमने "दाखव" म्हटलं की तो हुकूम आधी त्याच्या हाती पडतो. तो तयार चित्रावर पटकन आपला चौकोन रंगवतो आणि मग हुकूम पुढे पाठवतो. गेमला पत्ताही लागत नाही. रंगमंचावर नट येण्याआधी विंगेत उभा असलेला माणूस त्याच्या खांद्यावर शाल टाकतो, असं समजा. मात्र सेकंदाला ६० वेळा.

चौकोनातलं पान कुठून येतं? खरा ब्राउझर वेगळाच चालू असतो, आणि त्याला पडदाच नसतो. तो पान रंगवतो संगणकाच्या स्मृतीत, कोणालाही न दाखवता. ते रंगवलेलं पान ओव्हरले उचलतो, एका आयतावर चिकटवतो आणि गेमच्या चित्रावर ठेवतो. म्हणजे मुलाला जे पान दिसतं, ते पानाचं चित्र असतं. पुढे पासवर्डचा विषय निघेल, तेव्हा हे लागणार आहे.

थोडा हिशेब करू. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. एका ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे पूर्ण पानाचे सुमारे ८३ लाख बाइट. हे सेकंदाला ६० वेळा इकडून तिकडे न्यायचं, तर जवळजवळ ५० कोटी बाइटांची हमाली झाली, आणि तीही गेम आधीच धापा टाकत असताना. म्हणून ब्राउझर फक्त बदललेला तुकडा देतो. लेखणीची उभी रेघ लुकलुकली तर तेवढीच रेघ. पान स्थिर असेल तर काहीच नेत नाहीत. पानावर व्हिडिओ लावला की मात्र हमाली पुन्हा वाढते, आणि साध्या संगणकावर गेम अडखळू लागतो.

यात एक विनोदही आहे. चौकोन गेमच्या हुकमावर रंगवला जातो, म्हणून गेमने चित्रं काढणं थांबवलं की चौकोनही थिजतो. गेम अडकला तर "गेम अडकल्यावर काय करावं" हे त्या खिडकीत शोधता येत नाही!

चित्रापेक्षा अवघड काम आहे बटणांचं. गेममध्ये 'डब्ल्यू' हे अक्षर दाबलं की माणूस पुढे चालतो. आता खिडकीत 'वर्ल्ड' लिहायला सुरुवात केली आणि तिकडे आपला शिपाई चालत जाऊन दरीत पडला, तर काय उपयोग? म्हणून खिडकी उघडी असेपर्यंत कीबोर्ड आणि माउसचा प्रत्येक निरोप गेमपासून लपवून ब्राउझरकडे वळवावा लागतो. कित्येक गेम माउसचा बाण लपवतात किंवा पडद्याच्या मध्यावर खिळवून ठेवतात. मग ओव्हरलेला स्वतःचा बाण काढावा लागतो. पानावर यादी उघडणारा छोटा चौकोन असतो, जिथे आपण राज्य किंवा जन्मसाल निवडतो. नेहमीच्या ब्राउझरमध्ये ती यादी म्हणजे वेगळी खिडकी असते. इथे वेगळ्या खिडकीला जागाच नाही, म्हणून तिचंही चित्र निराळं काढून नेमकं त्या जागी ठेवावं लागतं.

एकट्याने खेळायचा गेम असेल, तर स्टीम त्याला कळवतो की खिडकी उघडली आहे, आणि गेम हवा तर थांबतो. अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये ही सवलत नाही. तुम्ही वाचत बसलात म्हणून शत्रू थांबत नाही.

इथे मराठी लिहिणारा म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'कविता' हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी 'व' असतो आणि ऱ्हस्व वेलांटी त्याच्या नंतर. पण दाखवताना वेलांटी 'व'च्या आधी काढावी लागते. जोडाक्षरांची, रफाराची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. हे सगळं नीट जुळवणारी व्यवस्था ब्राउझरमध्ये असते, कारण त्याला जगातल्या सगळ्या लिप्या दाखवायच्या असतात. पुष्कळ गेममध्ये ती नसते. तिथे अक्षरं एकापुढे एक ठेवली जातात. मग वेलांटी भलत्या बाजूला जाते आणि जोडाक्षराचे पाय मोडून पडतात. गेमला नीट लिहिता न येणारं 'कविता' त्याच गेमवर उघडलेल्या खिडकीत मात्र शुद्ध उमटतं. देवनागरी त्या घरात शिरली ती या खिडकीतून. मला याचं अप्रूप वाटलं, ते लपवत नाही.

पण खिडकीतून काय काय आत येऊ शकतं, हा प्रश्न उरतोच. ओव्हरले गेमच्या पोटात शिरून हुकूम अडवतो असं मी म्हणालो. ऑनलाइन खेळात लबाडी करणारे लोक हेच करतात. भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी चोरटी सॉफ्टवेअर अशीच गेममध्ये शिरतात आणि चित्रावर आपल्या खुणा रंगवतात. त्यामुळे लबाडी पकडणाऱ्या व्यवस्थेला सज्जन आणि चोर दोघेही भिंतीवरून उडी मारतानाच दिसतात. ओळखीचे ओव्हरले तिला आधी सांगून ठेवावे लागतात. नवी कंपनी ओव्हरले काढते, तेव्हा तिला आधी अशी ओळख मिळवावी लागते.

आइसलंडमधल्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइनची हकीकत ऐकण्यासारखी आहे. हा गेम २००३ मध्ये सुरू झाला. पाच हजारांहून अधिक सूर्यमालांचं एकच विश्व, हजारो खेळाडू, व्यापार, युती, हेरगिरी, सगळं त्यात. या गेमने ब्राउझर वरून न ठेवता सुरुवातीपासून पोटातच बाळगला होता. पहिल्यांदा तो साधासुधा होता. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या जागी आधुनिक ब्राउझर बसवला गेला. खेळाडूंनी त्यासाठी स्वतः पानं तयार केली. कोणी नकाशे केले, कोणी बाजारभाव, कोणी टोळीच्या हालचालींचे तक्ते.

या पानांना एक खास सवलत होती. खेळाडूने एखाद्या संकेतस्थळावर विश्वास असल्याची परवानगी दिली, की गेम त्या स्थळाला आपण होऊन सांगत असे: हा अमुक वैमानिक, अमुक संघाचा, अमुक यानात बसलेला, आत्ता अमुक सूर्यमालेत आहे. सोय केवढी! नकाशा उघडला की तुम्ही जिथे आहात तिथेच तो उघडणार. आणि धोका किती, तेही उघड आहे. ज्या खेळात हेरगिरी हाच खेळाचा भाग, तिथे शत्रूने चांगलासा नकाशा तयार करून तुमच्यापुढे ठेवला आणि तुम्ही एकदा 'हो' म्हटलंत, की तुमचा ठावठिकाणा त्याच्या हातात. परवानगी देणाऱ्याला सोय समोर दिसते, धोका दिसत नाही. मोबाइलवर रोज अशा परवानग्या देणाऱ्या आपल्याला हे ओळखीचं वाटावं.

कंपनीने २०१६ मध्ये हा ब्राउझर काढूनच टाकला. इंटरनेट पुढे गेलं होतं आणि पोटातला ब्राउझर मागे राहिला होता. त्याला सुरक्षित ठेवायचं तर सतत नवा करावा लागणार, आणि कंपनीचं काम गेम करण्याचं. बाहेरच्या पानांना माहिती देण्याचे दुसरे नीट मार्गही तोवर तयार झाले होते. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, जरी जुन्या खेळाडूंचं त्यावाचून अडलं असेल.

ब्राउझर घरातल्या इतर सामानासारखा नसतो. टेबल घेतलं, ठेवलं, संपलं, असं त्याचं होत नाही. तो रोज अनोळखी माणसांनी लिहिलेली पानं उघडतो, आणि त्या पानांतल्या आज्ञा आपल्या संगणकावर चालवतो. त्याच्यात चुका सापडत राहतात आणि बुजवत राहाव्या लागतात. गूगलच्या क्रोमने २०२१ मध्ये नवी आवृत्ती सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनी काढायला सुरुवात केली. गेमच्या ओव्हरलेत बहुधा याच क्रोमच्या मुळातला, क्रोमियमचा, भाग बसवलेला असतो. म्हणजे ओव्हरले करणाऱ्याने एकदा ब्राउझर आणला, की त्याच्या वेळापत्रकाबरोबर धावणं आलं. थांबला तर बुजवलेली भोकं त्याच्या खिडकीत उघडीच राहणार.

स्टीम धावत राहिला. २०१० मध्ये त्याने रूप पालटलं, तेव्हा विंडोजचा इंटरनेट एक्सप्लोरर सोडून वेबकिट घेतलं. त्याच वर्षी तो मॅकवर जाणार होता, आणि तिकडे एक्सप्लोररचा उपयोग नव्हता. नंतर क्रोमियम आलं. या धावण्याची किंमत काही वर्षांनी दिसली. १ जानेवारी २०१९ पासून स्टीमने विंडोज एक्सपी आणि व्हिस्टा यांना रामराम ठोकला. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ यांनाही. दोन्ही वेळा दिलेल्या कारणांत एक कारण हेच होतं, की आतला क्रोम या जुन्या विंडोजवर चालत नाही.

जरा विचार करा. एखाद्याने २०११ मध्ये पैसे मोजून गेम घेतला. संगणक तोच, विंडोज तीच, गेमही तोच, एक अक्षर न बदललेला. पण गेम सुरू करायचा तो स्टीममधून, आणि स्टीमच्या आतला ब्राउझर नवी विंडोज मागतो. आपल्याकडे घरोघरी दहा-दहा वर्षं जुने संगणक चालतात. मोठ्या भावाचा धाकट्याकडे, धाकट्याचा चुलतभावाकडे. अशा घराला नवा संगणक घ्या हे सांगणारा गेम नव्हता, त्याच्या आसपासची खिडकी होती. कंपनीची बाजू मी समजू शकतो, कारण भोकं असलेला ब्राउझर चालू ठेवणं याहून वाईट. पण खिडकी बसवताना हा हिशेब कोणी ग्राहकापुढे मांडला नव्हता, एवढं म्हणायला हवं.

आता पासवर्डकडे येतो. ओव्हरलेतला ब्राउझर आणि संगणकावरचा तुमचा नेहमीचा ब्राउझर हे वेगळे. तिकडे साठवलेले पासवर्ड, खुणा, ओळखी इकडे नसतात. त्यामुळे एखादं पान इथे उघडलं की ते पुन्हा नाव आणि पासवर्ड विचारतं. नेहमीच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असेल, तर खोट्या पत्त्याच्या पानावर तो आपोआप भरला जात नाही, आणि तेवढ्यानेच माणूस सावध होतो. इथे तो राखणदार नाही. हातानेच लिहायचं, तेही घाईत, कारण मागे खेळ चालू आहे.

ग्रुप-आयबी या सुरक्षा कंपनीने २०२२ मध्ये स्टीमच्या खेळाडूंना लुटण्याची एक पद्धत उघड केली. स्पर्धेत भाग घ्या, आमच्या संघाला मत द्या, असं आमिष दाखवून एका पानावर न्यायचं. तिथे 'स्टीममधून प्रवेश करा' असं बटण. दाबलं की छोटी खिडकी उघडते, वर स्टीमचा बरोबर पत्ता, कुलपाची खूण. पण ती खिडकी खरी नसते. पानातच रंगवलेलं खिडकीचं चित्र असतं, पत्त्यासकट. खरी खिडकी ब्राउझरच्या चौकटीबाहेर ओढता येते, ही रंगवलेली पानाच्या कडेशी अडते. संगणकावर हा सोपा ताळा आहे. पण ओव्हरलेमध्ये मुळात सगळंच रंगवलेलं. खरी खिडकीही चित्र आणि खोटीही चित्र, मग घाईत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाने काय ओळखायचं? म्हणून माझ्या भाच्याने घरातल्या पोरांना एकच नियम घालून दिला आहे: "खेळातल्या खिडकीत वाचायचं सगळं, लिहायचा पासवर्ड नाही." कोणी पाठवलेल्या दुव्यावरून प्रवेश करायचाच असेल, तर गेम बंद करून, नेहमीच्या ब्राउझरमध्ये, पत्ता स्वतःच्या हाताने लिहून. स्टीमची मोबाइलवर येणारी दुसरी खातरजमा चालू ठेवायची, पण तो आकडाही खोट्या खिडकीत लिहिला तर चोराच्याच हाती जातो, हे लक्षात ठेवून.

एवढं ऐकून कोणी पालक ही खिडकीच नको म्हणतील. मी तसं म्हणणार नाही. अडलेल्या जागी थोडी मदत मिळाली की मूल पुढे जातं, आणि कित्येकदा त्या निमित्ताने चार पानं वाचतंही. २०२३ च्या जूनमध्ये स्टीमने ओव्हरले नव्याने बांधला, तेव्हा ब्राउझरची खिडकी गेमवर टाचून ठेवायची आणि हवी तेवढी पारदर्शक करायची सोय दिली. त्याबरोबर टिपणं लिहायची वहीही दिली. नकाशाचं पान कोपऱ्यात अर्धपारदर्शक ठेवून मुलगा खेळतो. एकच पडदा असलेल्या घरात ही फार मोठी सोय आहे. स्टीम डेक हा २०२२ मध्ये आलेला हातातला संगणक घेतला, तर त्यावर खेळताना दुसरा ब्राउझर उघडणं इतकं सुटसुटीत नाही. तिथे हीच खिडकी कामाला येते. मायक्रोसॉफ्टनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या एज ब्राउझरचं गेमवर तरंगणारं रूप लोकांपुढे चाचणीसाठी ठेवलं.

ज्यांच्या संगणकाला दोन्ही ओझी झेपत नाहीत, त्यांच्यासाठी स्टीमच्या सेटिंग्जमध्ये खेळतानाच्या सोयींचा भाग आहे. तिथे ओव्हरलेसमोरची खूण काढली की तो सगळ्या गेमसाठी बंद होतो. एखाद्याच गेमसाठी बंद करायचा असेल, तर त्या गेमच्या नावावर उजवं बटण दाबून त्याच्या गुणधर्मांत जायचं आणि तिथली खूण काढायची. गेम मग एकटाच चालतो, आणि शिफ्ट-टॅब दाबलं तरी काही उघडत नाही.